हृदयाची बैलजोडी आणि पेसमेकरची वायर

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



कमिटीनं सांगितलं, "डॉक्टर, डायबेटिसवर बोला." पण डायबेटिसवर आपल्याकडं प्रत्येक विंगमध्ये एकेक तज्ज्ञ बसलेला आहे. म्हणून मी पेसमेकरवर बोलणार आहे, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

माझ्या आईला तुमच्यापैकी बरेचजण ओळखतात. संध्याकाळी बी विंगच्या पायरीवर बसून भाजी निवडायची तीच. 2011 साली ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. नाडी बघितली तर मिनिटाला 38. पेसमेकर बसवला, चौथ्या दिवशी घरी आली, आम्ही निश्चिंत. चारेक वर्षांनी ती जिना चढताना थांबायला लागली, पायावर सूज दिसायला लागली. मी डॉक्टर असून म्हणालो, "वय झालंय आता." असे सात-आठ महिने गेले. शेवटी इको केला, तर हृदयाची पंपिंग शक्ती, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, 30 वर आलेली. ती साधारण 55 च्या वर असायला हवी.

हे का झालं, ते समजून घेऊ. हृदयात विजेचा स्वतःचा रस्ता असतो. वरच्या कप्प्यात ठोका तयार होतो, मधल्या गाठीतून खाली येतो. तिथून पुढं ज्या जुडग्यातून तो जातो, ते विल्हेल्म हिस यांनी 1893 साली दाखवून दिलं, म्हणून त्याला हिस बंडल म्हणतात. त्याच्या पुढं डावी आणि उजवी अशा दोन शाखा होतात आणि दोन्ही बाजू जवळजवळ एकाच क्षणी आकसतात. उसाच्या गाडीची बैलजोडी एका पावलानं चालते, तसं.

नेहमीच्या पेसमेकरची वायर उजव्या कप्प्याच्या टोकाला अडकवतात. तिथून निघालेली वीज हमरस्त्यानं न जाता स्नायूतून, म्हणजे पाणंदीतून, वाट काढत डावीकडं पोचते. उशिरा पोचते. एक बैल पुढं, एक मागं. गाडी चालते, पण जू घासतं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड नावाच्या अमेरिकन चाचणीत दिसलं, की आधीच अशक्त असलेल्या हृदयाला उजवीकडून जास्त ठोके दिले तर रुग्णांची तब्येत जास्त बिघडते. सगळ्यांची नाही. ज्यांना यंत्राची गरज अधूनमधूनच लागते आणि ज्यांचं हृदय मजबूत आहे, त्यांना साधा पेसमेकर वर्षानुवर्षं उत्तम चालतो. तेव्हा आज घरी जाऊन कुणी छातीला हात लावून घाबरू नये.

यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजूंनी ठोका देणं. याला बायव्हेंट्रिक्युलर पेसिंग किंवा सीआरटी म्हणतात. जादा वायर हृदयाच्या शिरेतून डाव्या बाजूवर नेतात. युरोपातल्या केअर-एचएफ चाचणीचे निकाल 2005 मध्ये आले. नुसत्या औषधांवरच्या 404 रुग्णांपैकी 120 दगावले, औषधांबरोबर हे यंत्र बसवलेल्या 409 पैकी 82. आईला आम्ही हेच केलं. तिसऱ्या महिन्यात लिफ्ट बंद असताना ती दुसऱ्या मजल्यावर चालत आली आणि वर येऊन लिफ्टवरून सेक्रेटरींना चार शब्द सुनावले. त्या दिवशी मला खात्री पटली.

पण हे यंत्र महाग असतं, सगळ्यांच्या शिरा सोयीच्या नसतात आणि साधारण तिघांतल्या एकाला अपेक्षित फायदा होत नाही. शिवाय हृदय अशक्त आहे म्हणून सरसकट बसवायचं नसतं. ईसीजीतला क्यूआरएस रुंद असावा लागतो, विशेषतः डावी शाखा बंद असल्यावर दिसतो तसा. अरुंद क्यूआरएसवाल्यांवर केलेली एक चाचणी मध्येच थांबवावी लागली. फायदा नव्हताच, उलट मृत्यू जास्त दिसले. हा अहवाल 2013 चा.

तिसरा मार्ग मला सगळ्यात सुंदर वाटतो. पाणंद सोडा, वीज थेट हमरस्त्यावर सोडा! 2000 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सेअर गावच्या डॉ. प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी थेट हिस बंडलवर कायमची वायर बसवल्याचं प्रसिद्ध केलं. आडनाव ऐकून कान टवकारले ना? माझेही टवकारले होते. मात्र हिस बंडल अगदी बारीक. नेमकी जागा सापडणं अवघड, आणि काहींमध्ये पुढं विजेची गरज वाढून बॅटरी लवकर संपते. 2017 मध्ये चीनमधल्या वेन्झोऊच्या डॉ. हुआंग यांच्या गटानं वायर मधल्या पडद्यात खोल स्क्रूसारखी फिरवून डाव्या शाखेपर्यंत नेली. हे तुलनेनं सोपं निघालं, आणि त्याला पुष्कळदा साध्या पेसमेकरचंच यंत्र पुरतं. आपल्या देशात हा फरक लहान नाही.

मग डावी शाखा की बायव्हेंट्रिक्युलर? 2022 च्या एका चिनी चाचणीत डाव्या शाखेच्या पद्धतीत पंपिंग जास्त सुधारलं, पण रुग्ण होते फक्त 40. माझं मत विचाराल तर अशक्त हृदय आणि बंद डावी शाखा असेल, तर वर्षानुवर्षांचा पुरावा अजून बायव्हेंट्रिक्युलरच्या बाजूनं आहे. ती वायर बसली नाही किंवा खर्च झेपत नसेल, तर डाव्या शाखेचा विचार जरूर करावा. आणि ज्यांना कायम यंत्रावरच चालायचंय, त्यांनी पहिल्यांदा पेसमेकर बसवतानाच विचारावं, "डॉक्टर, वायर कुठं ठेवणार?" मी आईच्या वेळी हा प्रश्न विचारला नव्हता.

आता ज्यांना यंत्र आहे त्यांच्यासाठी. कार्ड पाकिटात ठेवा. मोबाईल त्या बाजूच्या खिशात नको. दर वर्षी यंत्राची तपासणी करा, आणि दम लागायला लागला तर इकोही. एक गोष्ट समारंभात बोलू नये अशी आहे, पण डॉक्टर म्हणून सांगतो. दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो, नाहीतर बॅटरीचा स्फोट होतो. घरच्यांना हे माहीत असू द्या.

मघाशी ए विंगच्या काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे, "मिक्सर चालवला तर चालतो का?" चालतो. फक्त छातीला टेकवून धरू नका.