'हॅव टू' म्हणजे नेमके काय?
(विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमातील भाषण)



इंग्रजीवर बोलायला मला सांगितले आहे. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक म्हणून काम करतो. दिवसभर माझ्या हातून इंग्रजी अर्ज, नियम आणि सूचना जातात. त्यात एक छोटा शब्दप्रयोग वारंवार येतो आणि तो नीट न कळल्यामुळे माणसे अडतात. म्हणून आज त्या एकाच प्रयोगावर बोलतो. तो म्हणजे 'हॅव टू'.

'हॅव' म्हणजे जवळ असणे, हे आपण पाचवीत शिकलो. पण 'हॅव'पुढे 'टू' आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप आले की जवळ असण्याचा अर्थ मागे पडतो व बंधनाचा अर्थ येतो. 'आय हॅव टू गो' म्हणजे मला जावे लागते. आपल्या भंडाऱ्याकडच्या बोलीत सांगायचे तर, 'मले जावं लागते'. दोन्ही भाषांतला फरक पाहा. इंग्रजीत 'आय' हा कर्ता ताठ उभा आहे. मराठीत मात्र 'मी' नाही, 'मला' आहे. भूक मला लागते, तहान मला लागते, तसेच जावेही मला लागते. बंधन बाहेरून येते आणि माणसाला चिकटते, हे मराठीने किती नेमके पकडले आहे! म्हणून 'हॅव टू' दिसले की मनात आधी 'लागते' आणा, अर्धे काम झाले.

आता काळ बघू. काल जावे लागले, 'हॅड टू गो'. उद्या जावे लागेल, 'विल हॅव टू गो'. 'मस्ट'ला असा भूतकाळ नाही आणि त्याच्यामागे 'विल'ही लागत नाही. त्यामुळे काल-उद्याचे बंधन सांगताना 'हॅव टू'च हाताशी येते. कर्ता 'ही' किंवा 'शी' असेल तर 'हॅज टू'. पण प्रश्नात 'डज' आला की पुन्हा 'हॅव'. 'डज ही हॅव टू साइन?' म्हणजे त्याला सही करावी लागते का? आपली मुले 'डज ही हॅज टू' लिहितात आणि गुण घालवतात.

उच्चाराकडेही लक्ष द्या. बंधनाच्या अर्थाने बोलताना इंग्रज माणूस 'हॅव'मधला 'व' 'फ'सारखा उच्चारतो, ऐकू येते 'हॅफ टू'. पण माझ्याजवळ दोन पुस्तके आहेत, 'आय हॅव टू बुक्स', असे सांगताना 'व' हा 'व'च राहतो. 'द मनी आय हॅव टू स्पेंड' हे शब्द कागदावर दोन अर्थ देतात : मला खर्च करावाच लागणारा पैसा, आणि खर्चायला माझ्याजवळ असलेला पैसा. या दोन पैशांतला फरक पगारदार माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही!

'मस्ट' आणि 'हॅव टू' यांत भेद काय? सर्वसाधारणपणे 'मस्ट'मध्ये बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह असतो. आई म्हणते, 'यू मस्ट स्टडी', तू अभ्यास केलाच पाहिजेस. मुलगा मित्राला सांगतो, 'आय हॅव टू स्टडी', परीक्षा आहे, अभ्यास करावा लागतो. हा भेद नेहमीच काटेकोर पाळला जातो असे नाही, पण ऐकताना उपयोगी पडतो. 'शुड' त्याहून मऊ, तो सल्ला आहे : करायला हवे, करावे.

इथे मराठी माणसाची एक खास अडचण येते. 'मला साकोलीला जायचे आहे' हे वाक्य घ्या. यात इच्छा आहे की बंधन? दोन्ही असू शकते. इंग्रजीत निवड करावी लागते : इच्छा असेल तर 'वॉन्ट टू', बंधन असेल तर 'हॅव टू'. मुलाखतीत 'मला नोकरी करायची आहे' हे सांगताना 'आय हॅव टू डू अ जॉब' म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल की हा बिचारा नाइलाजाने आला आहे.

मित्रांनो, आता खऱ्या मुद्द्यावर येतो. होकारात 'मस्ट' आणि 'हॅव टू' शेजारी शेजारी बसतात. नकारात मात्र त्यांच्या वाटा पार वेगळ्या होतात. 'मस्ट नॉट' म्हणजे मनाई. 'डू नॉट हॅव टू' म्हणजे सक्ती नाही, केले तरी चालेल, न केले तरी चालेल. आपले 'जायला नको' दोन्हीकडे वापरले जाते, म्हणून गोंधळ होतो.

बँकेतलीच दोन उदाहरणे देतो. २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली. त्या खात्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नाही. इंग्रजीत, 'यू डू नॉट हॅव टू कीप अ मिनिमम बॅलन्स'. याचा अर्थ शिल्लक ठेवावी लागत नाही. शिल्लक ठेवायची नाही, असा अर्थ नव्हे. धान विकून आलेले चार पैसे त्या खात्यात खुशाल ठेवता येतात. दुसरे उदाहरण ओटीपीचे. तिथे सूचना असते, 'यू मस्ट नॉट शेअर'. याचे भाषांतर 'सांगण्याची गरज नाही' असे केले तर घात होईल. तो कोणालाही सांगायचाच नाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. पहिल्या वाक्यात मोकळीक आहे, दुसऱ्यात मनाई. घरातल्या वडीलधाऱ्यांना मोबाइलवरचा संदेश वाचून दाखवणारे तुम्हीच असता. म्हणून हा फरक तुम्हाला आलाच पाहिजे.

हाच भेद आपल्या संविधानातही दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने मसुदा इंग्रजीत तयार केला आणि २६ जानेवारी १९५० पासून संविधान अंमलात आले. कायद्याच्या इंग्रजीत 'हॅव टू'ऐवजी 'शॅल' येतो, पण अर्थाची चौकट तीच. कलम २८ चे तिसरे उपकलम पाहा. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो वयाने लहान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यावा लागणार नाही. त्याला बसायचे असेल तर मनाई नाही, पण बसावे लागत नाही. कलम २० चे तिसरे उपकलम म्हणते की आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. त्याला बोलायला बंदी नाही, पण बोलावे लागत नाही.

आणि कलम २३. वेठबिगार आणि तशा प्रकारची सक्तीची मजुरी यांना मनाई असून तिचे उल्लंघन हा शिक्षापात्र गुन्हा आहे. हे एकच कलम दोन माणसांशी दोन भाषांत बोलते. राबवून घेणाऱ्याला ते सांगते, 'यू मस्ट नॉट', तुला हे करता येणार नाही. राबणाऱ्याला सांगते, 'यू डू नॉट हॅव टू', तुला हे करावे लागत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे हेच दुखणे होते. रात्री-अपरात्री सरकारी कामासाठी धावावे लागायचे आणि त्याचा मोबदला मात्र अगदी तुटपुंजा. आपल्या आजा-पणजांच्या गोष्टी आठवा. त्यांची कितीतरी वाक्ये 'करावं लागे' यावर संपत. इंग्रजीत तो सारा 'हॅड टू' आहे. त्याचे 'डोन्ट हॅव टू' व्हायला केवळ व्याकरण पुरले नाही, कायदा आणि चळवळ दोन्ही लागल्या.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, कोणताही इंग्रजी अर्ज, नियम किंवा नोटीस हातात आली की तीन प्रश्न विचारा. हे मला करावेच लागते का? हे केले नाही तरी चालते का? की हे करायलाच मनाई आहे? खिडकीपलीकडचा माणूस 'करावंच लागते' म्हणाला, तर नम्रपणे विचारा, 'साहेब, कोणत्या नियमाने?' कागदावर 'हॅव टू' असेल तर नियम पाळा. 'मे' असेल, तर निवड तुमची आहे. हा फरक ज्याला वाचता येतो, त्याच्यावर नसलेले बंधन सहसा कोणी लादू शकत नाही, आणि असलेले बंधन तो विसरत नाही.

रोज घरातल्या एका तरी कागदावर हे तीन प्रश्न चालवून पाहा, एवढीच विनंती करतो. 

जय भीम!