दुष्काळास इंग्रजीत काय म्हणावे?

(निवारण समितीच्या देणगीदारांच्या सभेत झालेले भाषण)



समितीचे मराठी विनंतिपत्र आपल्या हाती आलेच आहे. आता त्याची इंग्रजी प्रत काढावयाची आहे. खानापूर, आटपाडी, माण या तालुक्यांतून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त परप्रांती जाऊन राहिलेल्या आपल्या बांधवांनी ती मागितली आहे. तेथील पेढीवाल्यांपुढे व शेजाऱ्यांपुढे त्यांना ती ठेवावयाची आहे. मराठीत 'दुष्काळ' एवढे लिहिले की भागते. इंग्रजीत मात्र त्या जागेसाठी पाच शब्द पुढे येतात: ड्रॉट, फॅमिन, स्कॅर्सिटी, हार्डशिप आणि डिस्ट्रेस. अर्थाने ते जवळचे दिसतात, म्हणून कोणताही घेतला तरी चालेल असा समज सहज होतो. माझे म्हणणे असे की, यांतील प्रत्येक शब्द वेगळी उणीव दाखवितो. आणि उणीव बदलली की ती भरून काढण्याचे कर्तव्य कोणाचे, हेही बदलते.

'ड्रॉट' म्हणजे अवर्षण. हा शब्द आभाळाविषयी बोलतो, माणसाविषयी काहीच सांगत नाही. महाबळेश्वरी पावसाची झड लागावी आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणदेश कोरडा राहावा, ही आपल्या मुलुखाची रचनाच आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी जेथे पोचले, तेथे पावसाने ओढ दिली तरी पीक तग धरते. जेथे पोचले नाही तेथे तोच कमी पाऊस घर मोडतो. तेव्हा अवर्षण हे विपत्तीचे एक कारण झाले. त्याचा उल्लेख अवश्य करावा, परंतु केवळ तेवढ्यावर देणगी मागता येणार नाही.

'फॅमिन' हा शब्द लॅटिनमधील भुकेच्या शब्दापासून आला. अन्नावाचून माणसे मरू लागणे, हा त्याचा अर्थ. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या मंडळाने १८८० साली अहवाल दिला, व त्यावरून प्रांतोप्रांती फॅमिन कोड झाले. १८९६ च्या दुष्काळात 'केसरी'ने व सार्वजनिक सभेने त्या कोडातील तरतुदी रयतेस मराठीत समजावून सांगितल्या. शब्द एकदा कायद्यात शिरला म्हणजे तो उच्चारताच सरकारावर बोजा पडतो. म्हणूनच तो उच्चारण्यास सरकार कचरते. बंगालमध्ये १९४३ साली कोडाप्रमाणे फॅमिन जाहीर झालाच नाही. पुढे १९४५ च्या चौकशी मंडळाने मृतांची संख्या सुमारे १५ लक्ष धरली.

आपल्या राज्याची गोष्ट याहून नवलाची आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९६३ साली खास कायदा करून राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला व तेथे 'स्कॅर्सिटी' हा शब्द घातला. शेतीच्या स्थितीवर सरकारची सतत नजर असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजले जातात, सबब फॅमिनला आता वावच उरला नाही, असे त्याचे कारण दिले गेले. नऊच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. त्या वेळी माणसे वाचली ती शब्द खोडल्यामुळे वाचली नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लक्ष माणसे सरकारी कामांवर होती, म्हणून वाचली. मागेल त्याला काम देण्याच्या कल्पनेचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यात झाला होता, आणि तिचे प्रवर्तक वि. स. पागे त्याच तालुक्यातील विसापूरचे. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. 'हमी' या एका शब्दाने, जी मदत कृपा म्हणून मिळत असे ती हक्क म्हणून मागता येऊ लागली. शब्द नेमका असला म्हणजे काय करू शकतो, याचा हा घरचा दाखला होय.

उलट दाखलाही दूरचा नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २४ तालुक्यांत गंभीर, १६ तालुक्यांत मध्यम. सांगली जिल्ह्यातील शिराळा, कडेगाव, खानापूर, मिरज आणि साताऱ्यातील वाई, खंडाळा ही नावे त्या यादीत होती. जत, आटपाडी, माण ही नव्हती. पुढे नोव्हेंबरात १०२१ महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर झाली. ताटे दुष्काळाने वाळली की दुष्काळसदृश परिस्थितीने वाळली, हे दावणीच्या बैलास कळत नाही; परंतु कागदावर त्या 'सदृश' शब्दाने पुष्कळ फरक पडतो.

म्हणून कोणी सुचवील की आपण बेधडक 'फॅमिन' लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याचे काळीज हलेल. मला ते मान्य नाही. आज आपल्या गावांत अन्नावाचून माणसे मरत नाहीत. खोटी साक्ष एकदा उघडकीस आली की त्या साक्षीदाराचे खरे बोलणेही कोणी मानत नाही. पुढल्या वर्षी आपणांस पुन्हा याच दारी जावयाचे आहे.

आता 'स्कॅर्सिटी' म्हणजे टंचाई. हा व्यापाऱ्यांच्या परिचयाचा शब्द. माल थोडा, मागणी फार. परंतु जतच्या बाजारात ज्वारीची पोती लागलेली आहेत. ती घेण्यास मजुराच्या कनवटीस पैसा नाही. बंगालच्या त्याच दुष्काळाचा अभ्यास करून प्रोफेसर अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात हेच दाखविले, की धान्य असूनही ते मिळविण्याची ऐपत गेल्याने माणसे उपाशी मरतात. यास्तव नुसते 'स्कॅर्सिटी' लिहिणे दिशाभूल करील. दूरचा दाता धान्याच्या गाड्या पाठवील. हा शब्द वापरावा, पण कशाची टंचाई ते सांगून: पाण्याची आणि वैरणीची.

'हार्डशिप' हा शब्द आम्हा वकिलांना भाडेकरूंच्या दाव्यांत नित्य भेटतो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात, आणि त्याच्या जागी आलेल्या १९९९ च्या कायद्यातही, मालकाची अडचण मोठी की भाडेकरूची, हे न्यायाधीशाने तोलून पाहावयाचे असते. हा तागडीचा शब्द आहे. वाचणारा लगेच म्हणेल, अडचण कोणास नाही? ती वाट आपण उघडू नये.

राहिला 'डिस्ट्रेस'. याचे मूळ ताणण्याच्या, आवळण्याच्या अर्थाचे आहे. १८८२ च्या प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्टांच्या कायद्यात याच नावाचे एक प्रकरण आहे. तेथे अर्थ होतो, थकलेल्या भाड्यासाठी भाडेकरूच्या मालाची जप्ती. आणि बाजारात 'डिस्ट्रेस सेल' म्हणजे नडीची विक्री. खिलार जनावरांचा व्यवहार पाहिलेल्या गृहस्थांस हे फोड करून सांगावयास नको. वैरण संपते, सारेच विकावयास निघतात, घेणारा एखादाच असतो, आणि बैलजोडी मातीमोल जाते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी ती स्थिती. मग पाऊस पडला तरी नांगर धरावयास बैल नसतो. एका वर्षाचे संकट दहा वर्षांचे कर्ज होते. गळा आवळत जाणारी ही जी अवस्था, तीच आज आपल्या पूर्वभागातील घरांत आहे, आणि ती मृत्यूच्या अलीकडची असल्यामुळे अजून निवारता येते.

म्हणून माझी सूचना अशी: मथळ्यात 'डिस्ट्रेस' असावे; 'ड्रॉट' हे कारण म्हणून, व पाणी आणि वैरण यांच्यापुरतीच 'स्कॅर्सिटी' यावी; 'फॅमिन' व 'हार्डशिप' हे शब्द गाळावे.

आणि हा शब्द पत्करल्यावर आपल्यावरही त्याचे बंधन येते. नडीची विक्री थांबवावयाची तर मदत विक्रीच्या आधी पोचली पाहिजे. कृष्णाकाठच्या बागाईतदारांनी ऊसतोड चालू आहे तोवर वाढे द्यावे. कडब्याची गंज असलेल्यांनी भाव चढण्याची वाट न पाहता पेंढ्या द्याव्या. व्यापाऱ्यांनी जे द्यावयाचे ते बाजाराच्या आदल्या आठवड्यात द्यावे. जनावर दावणीस असेतो दिलेली पेंढी आणि ते विकल्यावर दिलेली रक्कम, यांची किंमत एक नाही, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तिकिटे लावून इंग्रजी प्रत परगावी जाईल ती जाईल; मराठी पत्र मात्र येथेच आहे, आणि त्याखाली आपले आकडे पडावयाचे आहेत.