यंत्र आले, मेजामागे कोण?

(वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज सभेपुढे मांडलेल्या ठरावाचा मसुदा आपण वाचलाच असेल. देवघेव विभागातील साहाय्यक यंदा निवृत्त होत आहेत, त्यांची जागा पुनश्च भरू नये; त्यांच्या वेतनाच्या बचतीतून पुस्तकांवर बारकोड लावावेत आणि सभासदाने स्वतःच यंत्रापुढे पुस्तक धरून ते घरी न्यावे; शिवाय जुन्या दाखल नोंदवह्या व तालिकापत्रांची लाकडी कपाटे जागा अडवितात, सबब ती निकालात काढावीत, असा त्याचा आशय आहे. बारकोडास आमची हरकत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. नाहीतर आमचे पांढरे केस पाहून आम्हांस यंत्रद्वेष्ट्यांच्या पंक्तीस बसविण्याची घाई काही तरुण मित्रांस व्हावयाची. आमचा विरोध आहे तो माणूस काढण्यास आणि नोंदवह्या रद्दीत घालण्यास.

‘काळ बदलला’ हे मंडळाचे मुख्य समर्थन आहे. परंतु वाचनालयाच्या दारात नवे यंत्र उभे राहण्याची ही पहिलीच वेळ आहे काय? आपल्या मराठी मंडळींच्या जुन्या बिऱ्हाडाचे, बडोद्याचेच उदाहरण घेऊ. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम अलान्सन बोर्डेन या ग्रंथपालास अमेरिकेहून पाचारण केले. त्या काळी आपल्याकडील बहुतेक वाचनालयांत पुस्तके कुलूपबंद असत, आणि ग्रंथपालाची योग्यता त्याच्या कमरेच्या किल्ल्यांवरून ठरे. बोर्डेनने पत्रतालिका आणली, वर्गीकरणाची पद्धत बसविली, वाचकास थेट फडताळापाशी जाऊ दिले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. पुढे मध्यवर्ती ग्रंथालयाची जी इमारत उभी राहिली तिच्यात पोलादी फडताळे आणि खालच्या मजल्यापर्यंत उजेड झिरपावा म्हणून काचेच्या फरशा बसविल्या. त्या ग्रंथालय खात्याने जादूचा कंदील आणि हलती चित्रेही गावोगावी नेली. निरक्षर माणसालाही वाचनालयाचे दार उघडे असावे, हा त्यामागील हेतू. आजच्या भाषेत सांगावयाचे तर जगातील अद्ययावत ‘तंत्रज्ञान’ त्या संस्थानात येऊन दाखल झाले होते.

मात्र या खटाटोपात बोर्डेनने अगदी प्रारंभी काय केले? १९११ साली त्याने ग्रंथालयसेवकांसाठी शिक्षणवर्ग उघडला. पेटी, पत्र, फडताळ यांच्या जोडीला ती चालविणारा माणूस तयार केला. पुढच्याच वर्षी बडोद्याहून ग्रंथालयविषयक नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी व गुजरातीच्या बरोबरीने मराठी विभागही होता. पैशाची व्यवस्थाही ध्यानी घेण्याजोगी आहे: गावाने जितकी वर्गणी जमवावी तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावी, असा शिरस्ता होता. बोर्डेन तीनएक वर्षांत परत गेला. शिकविलेली माणसे मागे राहिली म्हणून काम राहिले. येथे आम्हांस राजेशाहीचे गोडवे गावयाचे नाहीत. क्रम तेवढा लक्षात आणून द्यावयाचा आहे. आपला ठराव नेमका उलट्या क्रमाने चालला आहे.

आता नोंदवह्यांविषयी. हे सांगताना आम्हांस थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण अपराध आमच्याच हातून घडला आहे. काही वर्षांपूर्वी आपण पहिला संगणक घेतला तेव्हा एका व्यावसायिकाकडून ग्रंथांची यादी टंकलिखित करून घेतली. काम झटपट झाले, पडद्यावर अक्षरे सुरेख दिसू लागली, आम्ही पेढे वाटले. पुढे संगणक जुना झाला, नवा आला, आणि यादी उघडून पाहतो तो सर्वत्र रोमन अक्षरांचा व चिन्हांचा चिवडा! यादी त्या व्यावसायिकाच्या खाजगी टंकात केलेली होती. तो टंक असेल तरच ती मराठी. एरवी ती कोणत्याच भाषेतली नव्हे. व्यावसायिकाने तोवर धंदा बदलला होता. त्या प्रसंगी आपल्या मदतीस काय आले? तीच बोरूच्या वळणाची, वाळवीने कडा कुरतडलेली दाखल नोंदवही. तिच्यात पहिल्या पुस्तकापासून प्रत्येक ग्रंथाचा अनुक्रमांक, किंमत, देणगीदाराचे नाव, सारे शाबूत होते. हिचीच आता रद्दी करावयाची म्हणता!

युनिकोड आल्यापासून हे संकट पुष्कळ टळले आहे हे खरे. तथापि मराठीचे कोडे निराळेच आहे. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गळाले. त्यापूर्वीच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘नांव’ आहे, ‘गांव’ आहे. आजचा विद्यार्थी ‘गाव’ असे लिहून शोधतो आणि यंत्र त्यास शांतपणे सांगते, असे पुस्तक संग्रहात नाही. पुस्तक मात्र तीन हातांवर धूळ खात उभे! ‘ॲ’ हे एक अक्षर. ते कोणी एकसंध उमटवितो, कोणी ‘अ’वर चंद्र चढवून. डोळ्यांस दोन्ही सारखीच, यंत्रास मात्र दोन परकी माणसे. आणि आपल्या सीमाभागात तर नावे रोमन लिपीत भरण्याचा मोह अधिक. मग ‘ज्ञानेश्वरी’ डीपासून शोधावी की जीपासून, यावर वाचकाने कौल लावावा! हे दोष सुधारता येतात. एकाच ग्रंथास दोन्ही लेखनांनी नोंदविता येते, परस्परसंदर्भ देता येतात. पण ते करावयास जुने मराठी वाचलेला, पुस्तक हाताळलेला माणूस लागतो.

खर्चाचा बाऊ कोणी करू नये. प्रणाली विकतच घ्यावी लागते असे नाही. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या लहानशा जिल्ह्यातील ग्रंथालय न्यासास १९९९ साली पेच पडला होता, की जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडताच दगा देणार आणि नवी तर परवडत नाही. त्यांनी नवी प्रणाली करविली, २०००च्या जानेवारीत कामास लावली, आणि सर्व जगास मोफत देऊन टाकली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट. आज ती देशोदेशींच्या ग्रंथालयांत चालते आणि युनिकोडातील देवनागरी स्वीकारते. प्रणालीचे पैसे वाचतील ते वेतनास लावावेत, असे आमचे म्हणणे आहे. मंडळाने नेमके उलट मांडले आहे.

मंडळातील एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, मेजामागे बसून हा माणूस दिवसभर करतो काय? शिक्के मारणे हेच त्याचे काम असते तर आम्ही मुकाट्याने मान डोलावली असती. परवाचीच गोष्ट. एक आजीबाई आल्या. त्यांना हवे होते ‘ते निळ्या पुठ्ठ्याचे, ज्यात ती मुलगी शेवटी शाळेत जाते’. साहाय्यकांनी दोन प्रश्न विचारले आणि पुस्तक काढून दिले. कोणत्या रकान्यात निळा पुठ्ठा भरावयाचा? स्पर्धापरीक्षेचे विद्यार्थी वाचनकक्षात रात्रीपर्यंत बसतात. खरगपूरच्या आयआयटीने चालविलेले, २०१८ साली राष्ट्रास अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय त्यांच्या मोबाईलवर विनामूल्य उघडते. हे त्यांपैकी कित्येकांस ठाऊकच नव्हते. जाहिरात फलकावर लावली तेव्हा कोणी फिरकले नाही, साहाय्यकांनी शेजारी बसून नोंदणी करून दिली तेव्हा चौघे उठून आले.

म्हणून आमची उपसूचना अशी. बारकोड व यंत्र मंजूर व्हावे. साहाय्यकाची जागा रिक्त न ठेवता ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या, जुनी व नवी दोन्ही लेखने वाचू शकणाऱ्या उमेदवारासाठी जाहिरात द्यावी. निवृत्त होणाऱ्यांनी त्यास निदान तीन महिने सोबत घ्यावे, त्याचे मानधन आम्ही वर्गणीने जमवू. लाकडी कपाटे खुशाल विकावीत, त्यांतील पत्रे मात्र ताडून झाल्यावर. दाखल नोंदवह्या पोलादी कपाटात ठेवाव्यात व त्यांची छायाचित्रे घ्यावीत.

नोंदवहीचा पहिला खंड युनिकोडात उतरवून झाला आहे. दुसरा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचनकक्षात हाती घेत आहोत. एकाने वाचावे व दुसऱ्याने टंकावे असे काम आहे. पहिल्या कामास चष्मेवाले पुरेसे आहेत, दुसऱ्यास तरुण बोटे हवी आहेत. येणाऱ्यांनी आपले नाव आजच मेजावर नोंदवावे, साहाय्यक तेथे आठ वाजेपर्यंत आहेत.