दुखणे, निद्रानाश आणि मनाची धावपळ



रात्रीचे दोन वाजलेले असतात. घरातील सर्व मंडळी गाढ झोपेत असतात आणि एखादी शिक्षिका कुशीवर कूस बदलीत आढ्याकडे पाहत असते. मान, खांदे, पाठ, मांड्या ठणकत असतात. अंग गळून गेलेले असते. मन मात्र क्षणभरही थांबत नाही. मुलीची परीक्षा, तपासायच्या राहिलेल्या वह्या, पतसंस्थेचा हप्ता, "तपासण्यांत काहीच निघाले नाही" हे डॉक्टरांचे वाक्य, असे एकामागून एक विचार येत राहतात. पहाटे कधीतरी डोळा लागतो. सकाळी उठते तेव्हा अंग लाकडासारखे ताठ झालेले असते आणि घरातूनच प्रश्न येतो, "एवढे झाले तरी काय आहे?" फायब्रोमायल्जिया या व्याधीने ग्रासलेल्या अनेक स्त्री-पुरुषांची रात्र ही अशी जाते.

व्याधीचे स्वरूप

या व्याधीत सर्वांगी, दीर्घकाळ टिकणाऱ्या वेदना, थकवा, विसराळूपणा आणि झोपूनही ताजेतवाने न वाटणे ही लक्षणे आढळतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तिचे निदान अधिक होते. सर विल्यम गॉवर्स या ब्रिटिश वैद्यांनी १९०४ मध्ये अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' हे नाव दिले. शरीरातील तंतुमय भागाला सूज येत असावी, अशी त्यावेळची समजूत होती. पुढे तशी सूज आढळली नाही आणि १९७६ मध्ये 'फायब्रोमायल्जिया' हे नाव पुढे आले. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील वेदनेचे संदेश हाताळणारी यंत्रणा या रुग्णांमध्ये अतिसंवेदनशील झालेली असते, असे आज मानले जाते. म्हणूनच क्ष-किरण चित्रात किंवा रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत ही व्याधी दिसत नाही. परंतु तपासणीत दिसत नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

निद्रेची बिघडलेली घडी ही या व्याधीची केवळ आनुषंगिक तक्रार नव्हे. टोरांटो येथील हार्वे मोल्डॉफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये असे दाखवून दिले की, या रुग्णांच्या गाढ झोपेत जागेपणीच्या मेंदूलहरी मिसळलेल्या असतात. निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप काही रात्री मुद्दाम मोडली असता त्यांचेही अंग दुखू लागले. दुखण्यामुळे झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेमुळे दुखणे वाढते, असे हे दुष्टचक्र आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने निदानाचे निकष बदलले, तेव्हा थकवा आणि ताजेतवाने न करणारी झोप यांना त्यांत स्थान देण्यात आले.

मन का धावते?

दिवसा कामाच्या गडबडीत विचार मागे राहतात. रात्री दिवे मालवले की वेदना आणि चिंता या दोनच गोष्टी जाग्या उरतात. मग रुग्ण घड्याळ पाहतो, "आता झोप लागली तरी चारच तास मिळतील" असा हिशेब करतो आणि त्या हिशेबानेच अधिक जागा होतो. झोप ही प्रयत्नाने मिळणारी वस्तू नव्हे. तिच्यामागे जितके धावावे तितकी ती दूर जाते. राहिलेली झोप भरून काढण्यासाठी लवकर अंथरुणावर पडणे, सकाळी उशिरापर्यंत लोळणे, दुपारी झोपणे आणि थकवा घालविण्यासाठी पुन्हा पुन्हा चहा घेणे हे सारे स्वाभाविक आहे. पण त्यामुळे रात्रीची झोप आणखी विस्कटते. अंथरूण हे विश्रांतीचे स्थान न राहता झगड्याचे स्थान बनते.

वर्तनोपचाराची शिस्त

अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी विचार व वर्तन सुधारणारी उपचारपद्धती वापरावी, अशी शिफारस केली. तिची मुख्य सूत्रे साधी आहेत.

पहिले सूत्र उठण्याच्या वेळेचे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठावे. सुटीच्या दिवशीही त्यात खंड पडू नये.

दुसरे सूत्र अंथरुणासंबंधी आहे. झोप आल्यावरच अंथरुणावर जावे. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसरीकडे बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परत यावे. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवावे. वेळेचा अंदाज पुरेसा आहे. अंग दुखणाऱ्या व्यक्तीला उठबस कठीण जाते. म्हणून जवळच एक खुर्ची, पाठीला उशी आणि पांघरूण आधीच मांडून ठेवणे सोयीचे होते.

तिसरे सूत्र अंथरुणावरील काळ आटोपशीर करण्याचे. नऊ तास पडून पाच-सहा तास तुटक झोप घेण्यापेक्षा कमी वेळ पडून सलग झोपणे हितकारक ठरते. मात्र हा काळ साडेपाच तासांच्या खाली नेऊ नये. प्रारंभी दिवसा झोप आणि थकवा वाढू शकतो. त्यामुळे वाहनचालकांनी तसेच अपस्मार किंवा उन्मादाचा विकार असलेल्यांनी हा प्रयोग तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय करू नये.

चौथे सूत्र चिंतेला वेळ नेमून देण्याचे. चिंता आणि चिता यांत एका अनुस्वाराचेच अंतर आहे, असे म्हणतात. परंतु "काळजी करू नकोस" एवढे सांगितल्याने कोणाची काळजी थांबत नाही. सायंकाळी पंधरा मिनिटे वही घेऊन बसावे. एका बाजूस मनातील काळजी आणि दुसऱ्या बाजूस तिच्यासंबंधी उद्या करावयाची एक लहान गोष्ट लिहावी. जिच्यावर उपाय नाही, तिच्यापुढे "आज उपाय नाही" असे लिहून वही मिटावी. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुण-तरुणींवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. हे तरुण निरोगी होते, तरी कागदावर उतरलेले काम मनाला सोडवते, एवढे यावरून दिसते.

रात्री विचार आलाच तर त्याच्याशी वाद घालू नये. "हे वहीत आहे" असे मनाशी म्हणून लक्ष श्वासाकडे न्यावे. श्वास सावकाश, लांबवर सोडावा. मन भटकले तरी त्यावर चिडू नये.

दिवसाची शिस्तही तितकीच महत्त्वाची आहे. चहातील उत्तेजक द्रव्याचा प्रभाव निम्म्यावर येण्यास सुमारे पाच तास लागतात. म्हणून दुपारनंतरचा चहा सोडणे श्रेयस्कर. तंबाखू आणि मिश्री यांनीही झोप उडते. युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशींत सर्वांत ठाम शिफारस व्यायामाची आहे. पाच-दहा मिनिटे चालण्यापासून आरंभ करून हळूहळू वाढ करावी. बरे वाटले त्या दिवशी सारी कामे उरकण्याचा मोह टाळावा.

औषधे आणि सावधगिरी

काही रुग्णांना अल्प मात्रेतील अमिट्रिप्टिलिन किंवा प्रेगाबालिन यांसारखी औषधे उपयोगी पडतात. पण ती डॉक्टरांनीच ठरवावयाची असतात. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याकडून किंवा चिठ्ठीविना घेणे धोक्याचे आहे. त्यांची सवय जडते आणि त्या एकाएकी बंद करणेही घातक ठरू शकते. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, घोरताना श्वास अडणे, रात्री पायांत होणारी वळवळ ही झोप मोडण्याची अन्य कारणेही तपासून घ्यावीत. मन फारच खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर एकट्याने सोसत बसू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य साहाय्य मिळते.

समाजाचे कर्तव्य

या उपायांनी व्याधी समूळ जाते, असे नाही. वाईट रात्री पुन्हा येतील. पण एक रात्र वाईट गेली म्हणजे सर्व बिघडले, ही भीती ओसरली तरी निम्मे काम होते. ती भीती वाढविणे किंवा कमी करणे बऱ्याच अंशी सभोवतालच्या लोकांच्या हाती असते. 'ढोंग', 'बाऊ', 'आळस' हे शब्द रुग्णाच्या कानी पडतात, तेव्हा रात्रीच्या विचारांत आणखी एकाची भर पडते. मुख्याध्यापकांनी एखादा तास मागेपुढे करून द्यावा, कार्यालयप्रमुखांनी अधूनमधून उठून चालण्याची मुभा द्यावी, घरच्यांनी सायंकाळच्या कामाचा वाटा उचलावा, ग्रामपंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने अशा व्यक्तीला आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवावे. यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही.

तिचे दुखणे खरे आहे, एवढे मान्य केले जावे, हीच त्या जागणाऱ्या शिक्षिकेची पहिली अपेक्षा असते. ती पूर्ण झाली की पुढील उपचारांची वाट तिला पुष्कळच सुकर होते.