साबणातील रंगांची वेलबुट्टी



घरी साबण करणारी माणसे आता पुन्हा दिसू लागली आहेत. आज मी बोलणार आहे ते त्या साबणाच्या वडीत दोन-तीन रंगांच्या लाटा, वळणे आणि मोरपिसे कशी उमटवतात त्याबद्दल. मी कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. तेव्हा यात रसायनशास्त्र लागेल तेवढेच येईल, आणि रंगांचा विचार जरा जास्त येईल.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात हा विषय शोभेचा म्हणून सोडून देता येत नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव ह्या भागांत चैत्रात मोहफुले वेचली जातात आणि मृगाच्या आगेमागे मोहाची बी. तिला कुणी टोळी म्हणतात, कुणी टोरी. या बियांतल्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि त्याचा साबण उत्तम होतो. पण वेचणाऱ्या बाईच्या पदरात पडतो तो बीचा भाव. तेलाचा आणि साबणाचा भाव दुसऱ्याच कुणाच्या गल्ल्यात जातो. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग आला, आणि अखाद्य तेलांपासून साबण करणे हा ग्रामोद्योग म्हणून मान्य झाला. साबण गुणाला कमी नव्हता. रूपाला मात्र तो पिवळट, तपकिरी, कोपरे तुटका. गिऱ्हाईक हातात घेऊन खाली ठेवी. माझ्या मते अडचण तिथेच आहे, आणि रंगांची वेलबुट्टी तिथेच उपयोगी पडते.

प्रमाण सांगतो, लिहून घ्या. मोहाचे तेल ७०० ग्रॅम, खोबरेल २५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. त्याला शुद्ध कॉस्टिक सोडा १३६ ग्रॅम आणि पाणी ३४० ग्रॅम. सगळे तोलून घ्यायचे, मापाने नाही. तेल बदलले तर कॉस्टिकही बदलते, म्हणून हा हिशेब दुसऱ्या तेलाला लावू नका. कॉस्टिक पाण्यात घालायचे. पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचे नाही, ते उसळते. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, खिडक्या उघड्या. भांडे स्टीलचे घ्या. आपण ज्याला जर्मनचे भांडे म्हणतो ते चालत नाही. कॉस्टिक ते खाते आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. अंगावर थेंब उडालाच तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवत राहा. आणि गुरुजी, हे काम मुलांच्या हाती मुळीच देऊ नका.

तेल आणि कॉस्टिकचे पाणी दोन्ही ४०-४५ डिग्री सेल्सिअसवर आले की एकत्र करून हाताने ढवळायचे. विजेचे यंत्र लावाल तर मिश्रण मिनिटात घट्ट होईल आणि नक्षीला वेळच उरणार नाही. मोहाचे तेल थंडीत थिजते, हेही ध्यानात ठेवा. मिश्रण फार निवले तर तेल नुसतेच गोठते आणि साबण जमल्याचा भास होतो.

आता खरी मेख. नक्षीची सारी करामत त्या घट्टपणात आहे. मिश्रण पातळ कढीसारखे असताना रंग ओताल तर तीन रंगांचा एक चिखल होईल. श्रीखंडासारखे झाल्यावर ओताल तर गोळे पडतील, मध्ये पोकळ्या राहतील. हवे असते ते धिरड्याच्या पिठासारखे. चमच्यातून पडलेली धार वर क्षणभर रेघ ठेवते आणि मग बुडते, ती वेळ. सुवासिक तेल घालायचे तर आधी थोड्या मिश्रणात घालून बघा. काही वासांनी साबण हातातल्या हातात दगड होतो.

रंग कोणते, हा प्रश्न मोठा गमतीचा आहे. कॉस्टिकच्या तडाख्यात फुलांचे रंग सहसा टिकत नाहीत. जास्वंद आणि बीट यांचा लाल रंग तपकिरी होतो. हळद घातली की मिश्रण एकदम लालभडक होते. गृहिणींना याचे नवल वाटू नये, कारण हळद आणि चुना यांतूनच आपले कुंकू होते. साबण मुरत जातो तसा हा लाल उतरून केशरी-पिवळा होतो. शाळेत हळदीच्या कागदाचा प्रयोग दाखवता ना, तोच हा, फक्त सावकाश चाललेला. मुरलेल्या साबणाच्या दोन फोडी करा, एक खिडकीत ठेवा, एक कपाटात. खिडकीतली हळद उन्हाने फिकी पडते. मुलांना महिनाभर बघायला द्या. लाखेच्या कांड्या धुताना निघणारे लाल पाणी क्षारात जांभळ्याकडे झुकते. ज्यांवर कॉस्टिकचा काही परिणाम होत नाही ते रंग म्हणजे लोहाचा तांबडा आणि कोळशाचा काळा. पण भिंतीचा गेरू किंवा होळीचा बाजारी रंग अंगाच्या साबणात नको. सौंदर्यप्रसाधनासाठी म्हणून विकला जाणाराच घ्या. शिवाय मोहाचे तेल मुळात पिवळसर, त्यामुळे निळा घातला तर हिरवट दिसतो. त्या पिवळ्याशी भांडू नका. तांबडा आणि काळा त्यावर फार सुरेख उठून दिसतात.

रंग अर्धा चहाचा चमचा, तोललेल्या एरंडेलातलेच थोडे बाजूला ठेवून त्यात घोटून घ्या. कोरडा टाकाल तर ठिपके पडतील. मिश्रणाचे दोन हिस्से तसेच ठेवा. तिसऱ्या हिश्श्याचे दोन भाग करून एक तांबडा, एक काळा करा. सर्वांत सोपी रीत अशी, की पातेल्यातच कडेने दोन्ही रंग ओतायचे, एकदाच काडी फिरवायची आणि साच्यात रिकामे करायचे. दुसरी रीत उंचावरून बारीक धार सोडण्याची. जितक्या उंचावरून सोडाल तितका रंग खोल जातो.

मला आवडते ती तारेची रीत. लाकडी पेटी साधारण २५ सेंटीमीटर लांब, ८ रुंद, ८ उंच घ्या, आत प्लॅस्टिकचा कागद लावा. रंगांचे थर एकावर एक ओता. मग जाड तार पेटीच्या लांबीएवढी वाकवून कडेने तळापर्यंत उतरवा, थोडी सरकवा, वर काढा, पुन्हा उतरवा, असे पलीकडच्या कडेपर्यंत. तार तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची नको, पोलादी असावी. वरच्या पृष्ठावर काडीने आधी आडव्या आणि मग उलट दिशेने उभ्या रेघा ओढल्या की मोरपीस उमटते. जुन्या चोपड्यांच्या पुठ्ठ्याआड अबरी कागद असे, तो आठवा. अब्र म्हणजे ढग. सतराव्या शतकात विजापूरच्या दरबारी चित्रकारांनी हीच पाण्यावरच्या रंगांची कला वापरून घोड्यांची चित्रे केली. तिथेही हात थांबवणे महत्त्वाचे होते. इथेही. आणखी एक वेढा घ्यावा असा मोह होतो आणि त्या वेढ्यात नक्षी विरते.

पेटी गोधडीत गुंडाळून एक-दोन दिवस ठेवा. मग मोजे घालूनच काप पाडा. आडवे कापाल तर लाटा दिसतील, उभे कापाल तर लाकडाच्या फळीसारख्या रेषा. दोन काप सारखे निघत नाहीत, आणि गिऱ्हाईक निवडत बसते ते याच कारणाने. कापलेल्या वड्या सावलीत, हवेशीर जागी, एकमेकींपासून दूर चार ते सहा आठवडे मुरू द्या. पावसाळ्यात आपल्याकडे थोडे अधिक. विकायचा विचार असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याखाली परवाना लागतो. बचत गटाने तो आधी काढावा आणि मगच बाजारात बसावे.