वेताळाचे अरण्य आणि आपली खाडी



ज्या व्यासपीठावरून विद्वानांनी ज्ञानेश्वर आणि शेक्सपिअर सांगितले, त्याच व्यासपीठावरून मी चित्रकथांतल्या महाबलींविषयी आणि त्यांनी केलेल्या निसर्गाच्या राखणीविषयी बोलणार आहे. पुरणपोळीच्या पंगतीत चणे-कुरमुरे वाढण्यापैकीच हे आहे. पण माझा नाइलाज आहे. माझी शाळा नववीत सुटली. त्यापुढचे माझे विद्यापीठ म्हणजे एस.टी. स्टँडवरचा पुस्तकांचा स्टॉल, नगर वाचनालय आणि कारखान्याचे फाटक. त्या विद्यापीठातले पहिले पाठ्यपुस्तक होते इंद्रजाल कॉमिक्स.

मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ही चित्रकथामाला १९६४ साली सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. ती मराठीतही निघे. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला फँटम हा तिचा मुख्य नायक. मराठीत त्याचा वेताळ झाला. हे नाव आम्हा कोकणातल्या पोरांना फार जवळचे वाटले, कारण वेताळ आमच्या ओळखीचाच. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करीत फिरतो, म्हणून त्याला भल्या मोठ्या चपला वाहतात, हे आम्ही आजीच्या तोंडून ऐकलेले. देवराईतली काटकीसुद्धा मोडायची नाही, नाहीतर देव कोपतो, हेही ऐकलेले. तेव्हा अरण्यात राहून अरण्याचे रक्षण करणारा परदेशी वेताळ आम्हाला आरवलीच्या देवाचा चुलतभाऊच वाटे.

या वेताळाचे ईडन नावाचे एक बेट आहे. तिथे वाघ-सिंह हरणांच्या शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात, कारण त्यांना मांसाऐवजी मासे खाण्याची सवय लावलेली आहे. मासळीवर सुखाने जगता येते, याचे नवल रत्नागिरीकराला वाटण्याचे कारण नाही! पण मोठेपणी मला एक शंका येऊ लागली. त्या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे आहेत. त्यांना आपले अरण्य राखता येत नाही, आणि बाहेरून आलेला एक मुखवटेवाला मात्र एकवीस पिढ्या ते राखतो, असे का? आमच्या चळवळीच्या भाषेत बोलायचे तर ही बापाकडून मुलाकडे चालत आलेली कायमची नोकरी झाली, आणि गावकरी सगळे बदली कामगार!

पुढे या महाबलींना प्रदूषणाची जाणीव झाली. नेमॉर नावाचा समुद्राखालच्या राज्याचा राजा १९३९ पासून जमिनीवरच्या माणसांशी भांडत होता. १९९० साली त्याची नवी मालिका निघाली. तीत तो समुद्रतळीच्या खजिन्याच्या बळावर चक्क एक कंपनी विकत घेतो आणि प्रदूषणाविरुद्ध उभा राहतो. त्याच वर्षी अमेरिकन टेलिव्हिजनवर कॅप्टन प्लॅनेट आला आणि पुढल्या वर्षी तो चित्रकथेतही उतरला. पाच देशांतली पाच मुले आपापल्या अंगठ्यांची शक्ती एकत्र करतात आणि त्यातून हा वीर प्रकट होतो. पाच जणांनी एकत्र यावे ही कल्पना मला, संघटनेच्या माणसाला, आवडली. पण त्यातल्या खलनायकाचे नावच मुळी लुटेन प्लंडर! नावातच लूट आणि दरोडा. असा मनुष्य दिसला की कोणाची बाजू घ्यावी हे पाच वर्षांच्या पोरालाही कळते.

या चित्रांत मी एकच गोष्ट शोधत असतो. महाबली येतो, कारखान्याची धुराडी मोडतो, विषारी नळ बंद होतो, कथा संपते. त्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी द्यायला कोण येणार होते? नळाचे चाक कोणाच्या हातात होते? तो माणूस चित्रात कुठेच नसतो.

तो माणूस मी होतो, म्हणून विचारतो. बावीस-तेवीस वर्षांचा असताना मी खाडीकाठच्या एका रसायनाच्या कारखान्यात होतो. पावसाळ्यात रात्रपाळीला पावसाचा जोर वाढला की वरून निरोप येई, "सोडा रे." सांडपाण्याच्या टाकीचे ते चाक घट्ट होते, दोन्ही हात लावावे लागत. मी ते कितीदा तरी फिरवले आहे. एकदा खाडीवरचे भोई मेलेल्या माशांच्या टोपल्या घेऊन फाटकावर आले. आम्ही युनियनवाले आतल्या बाजूने उभे राहिलो आणि "आमच्या पोटावर पाय देऊ नका" अशा घोषणा दिल्या. बाहेरच्या लोकांत माझा सख्खा मामा होता. त्याने मला पाहिले. तो काही बोलला नाही. टोपली फाटकाशी ठेवून निघून गेला.

त्या वर्षीचे मागणीपत्र माझ्या हस्ताक्षरात होते. बोनस, कँटीन, गणवेश, सगळे होते. खाडीविषयी एक ओळ नव्हती. पुढल्या मागणीपत्रात आम्ही लिहिले की, शुद्ध न केलेले पाणी सोडण्यास नकार देणाऱ्या कामगारावर कारवाई होऊ नये. त्या वेळी ते कलम खोडले गेले. त्यापुढच्या करारात ते टिकले. खाडी पूर्ववत झाली असे मी म्हणणार नाही, आणि ते कलम पाहायला मामा राहिला नव्हता.

या जिल्ह्याने मोठा लढाही पाहिला आहे. स्टरलाइटचा तांब्याचा प्रकल्प येथे येऊ घातला होता. १९९३ साली रत्नागिरीकरांच्या विरोधापुढे त्याचे काम थांबले. त्या गर्दीत मुखवटेवाला एकही नव्हता. होते ते बागायतदार, मच्छीमार, तुमच्या-आमच्यासारखे लोक. आपण जिंकलो. प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरीनला गेला. तिथे २२ मे २०१८ रोजी विरोध करणाऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार होऊन १३ माणसे दगावली. चित्रकथेच्या शेवटच्या चौकटीत संकट नाहीसे होते. प्रत्यक्षात ते पुष्कळदा नुसता पत्ता बदलते, आणि नव्या पत्त्यावरच्या लोकांची आपण विचारपूस करीत नाही.

आता एका खऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. १९७६ साली इंद्रजालमध्ये बहादूर हा आपला देशी नायक आला. त्याच्याजवळ दैवी शक्ती नव्हती. गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारून तो डाकूंशी लढे. त्याचे निर्माते आबिद सुरती. मुंबईच्या डोंगरीत त्यांचे बालपण पाण्याच्या रांगेत गेले. २००७ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी मिरा रोडला एक काम आरंभले. दर रविवारी एका प्लंबरला बरोबर घ्यायचे, दारोदार जायचे आणि गळका नळ असेल तर तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. पहिल्या वर्षी ते १,६६६ घरी गेले आणि ४१४ नळ दुरुस्त झाले. ज्याने कागदावर वीर उभा केला, त्याने म्हातारपणी हातात वॉशर घेतला. मला मात्र त्यांच्याबरोबरच्या त्या प्लंबरचेही कौतुक वाटते. चित्रातून गळालेला माणूस तो हाच.

तेव्हा घरातल्या मुलांच्या हातून चित्रकथा काढून घेऊ नका. त्यांना वाचू द्या. वाचून झाल्यावर एवढेच विचारा, "बाळ, यातले चाक कोण फिरवत होते, आणि त्याच्याशी कोणी बोलले का?" आणि आपल्यापैकी जे कारखान्यात, नगरपालिकेत, बंदरावर काम करतात त्यांना माझी विनंती आहे. मागणीपत्र लिहाल तेव्हा पगाराच्या ओळीखाली खाडीची एक ओळ लिहा. ती खोडली जाईल. पुन्हा लिहा.

वेतोबाच्या चपला राखणीने झिजतात, अशी आपली श्रद्धा आहे. आपण त्याला नव्या जोडाने चपला वाहतो, ते योग्यच आहे. पण त्या कामी आपल्याही चपला थोड्या झिजाव्यात, एवढे म्हणतो आणि आपली रजा घेतो.