यमुनेची आनंदी झाली

जुन्या घरांत मुलीचें नांव दोनदां ठेवलें जाई. पहिलें बाराव्या दिवशीं; आत्या तें पाळण्यांतल्या बाळाच्या कानांत सांगे. दुसरें लग्नांत, ताटांतल्या तांदुळांवर सोन्याच्या अंगठीनें नवरा नवें नांव लिही, आणि जुनें माहेरीं राहून जाई. या बदलांत काय हरपतें व काय लाभतें, याचें एक उदाहरण ठाणें जिल्ह्यांतच आहे.

माजिवड्याहून खाडी ओलांडून गेलें कीं कांहीं कोसांवर कल्याण लागतें. तेथील गणपतराव जोशी यांची मुलगी यमुना हिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. पुराणांत यमुना ही यमाची बहीण. भाऊबीजेची कथा तिचीच. म्हणजे हें नांवच मुळीं माहेरचें! १८७४ मध्यें, नवव्या वर्षीं, पोस्टखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं तिचा विवाह झाला आणि यमुनेची आनंदी झाली. दोन्हीकडचें आडनांव जोशीच. बदललें तें केवळ तिचें स्वतःचें नांव.

‘आनंद’ हा शब्द ‘नन्द्’ धातूला ‘आ’ उपसर्ग लागून सिद्ध होतो. समृद्ध होणें, संतोष पावणें हा त्या धातूचा अर्थ. नंदा व नंदिनी हीं नांवें त्याच कुळांतलीं. मराठींत ‘आनंदी’ हें विशेषण स्त्रीपुरुष दोघांसहि चालतें. नांव म्हणून मात्र तें स्त्रियांकडेच राहिलें.

परंतु कोशांतला अर्थ नांवाचें रक्षण करूं शकत नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांनीं ‘ध’चा ‘मा’ केला, अशी कथा घरोघर पसरली. कथा खरी असो वा नसो, ‘आनंदी’ म्हणतांच लोकांस कारस्थान आठवूं लागलें.

तेंच नांव शंभर वर्षांनीं कल्याणच्या मुलीस मिळालें. चौदाव्या वर्षीं तिचें मूल अवघ्या दहा दिवसांत गेलें. वैद्यकी शिकण्याचा निश्चय त्या दुःखांतून झाला. १८८३ मध्यें कलकत्त्याहून निघून त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ मध्यें फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची एम. डी. पदवी त्यांनीं मिळविली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, पुण्यांत त्यांचें निधन झालें. आज ‘आनंदीबाई’ म्हटलें कीं अनेकांच्या मनांत प्रथम डॉक्टर आनंदीबाईच उभ्या राहतात.

नांवाला अर्थ येतो तो तें धारण करणाऱ्याच्या आयुष्यानें. पण हेंहि विसरतां येत नाहीं कीं, नांव त्यांनीं मागितलें नव्हतें. त्यांनीं मागितली ती विद्या. लग्नांत नांव बदलण्याची सक्ती आज नाहीं. तरीहि ज्या घरीं तांदुळांचें ताट मांडलें जातें, तेथें अंगठी हातीं घेण्यापूर्वीं वधूला एकदां विचारावें. तिला आपली यमुना जवळ ठेवावीशी वाटत असेल.